विसर्गसंधी

फोंड्याच्या जुन्या बाजारात, टाइल्सच्या दुकानावर
डॉ. नेरिसा कुलासोंचा दवाखाना.
सतरा पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी त्यांचं काय करायचं
हे घरमालकाला अजून कुणी विचारलेलं नाही.

बाकावर माझ्या शेजारी पुतू गावडे, पाडेली.
चौदाव्या वर्षापासून माडांवर.
घोट्यांवर काथ्याच्या फासाचा काळा वळ.
"चडटना दुखना बाई, देंवतना दुखता," म्हणाला,
आणि पिशवीतून एक्स-रे काढून
खिडकीच्या उजेडात धरला,
मुलीची पत्रिका दाखवावी तसा.

माझा उजवा खांदा.
एकतीस वर्षं खडू घेऊन वर गेलेला हात
आता कानापर्यंत पोचत नाही.
अंबाडा डाव्या हाताने घालते, तो कलतो.
वरच्या फळीवरची सोलांची बरणी दोन महिने तिथेच आहे;
हुमणाला चिंच लावते,
आणि चिंच सांध्यांना वाईट म्हणून बोलूनही घेते.

डॉक्टरीणबाईंनी पाठीवरून बोटं फिरवली,
हजेरी घ्यावी तशी, एकेक मणक्याशी थांबत.
मानेपाशी मात्र जास्तच रेंगाळल्या.
"ही का दुखते, ठाऊक आहे?
खांदा हलत नाही ना, त्याचं काम ही करते."

मी पालथी पडल्या पडल्या हसले.
निः अधिक रोग.
मुलं हटकून पहिली वेलांटी द्यायची.
मी म्हणायचे, अरे, विसर्ग गळाला ना,
मग त्याचा भार कुणी उचलायचा?
शेजारच्या इकाराने.
म्हणून तो दीर्घ. नीरोग.
एकतीस वर्षं मी हे व्याकरण समजून शिकवलं.

कट्.
मान वळली, आणि पडद्यापलीकडे पुतू "सायबा!" म्हणाला.
"हाड नव्हे," बाई मोठ्याने म्हणाल्या, त्याच्यासाठीच बहुतेक,
"सांध्यातल्या पाण्यातला बुडबुडा."
मग मला, हळू: "खांद्याला असलं काही चालायचं नाही.
त्याला घाई सोसत नाही. त्याला रोज भिंत."

भिंतीसमोर उभं राहायचं. दोन बोटांनी भिंत चढायची.
ओढ बसली की थांबायचं, थोडा श्वास, तिथे पेन्सिलीची रेघ.
पुतूला सांगितलं, मांड्या बळकट करा,
रोज खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा,
आणि दिवसाला वीसच माड.
"वीस माडांचे पैशे वीसच माडांचे," तो म्हणाला.
यावर त्या काही बोलल्या नाहीत.
फी मात्र अर्धीच घेतली. मी पाहिलं.

सोळा दिवस झाले.
स्वयंपाकघरात सोळा रेघा,
काही एकमेकींवरच, तीन तर खाली घसरलेल्या.
शेजारचा जोविन विचारतो,
"बाई, तुम्ही या वयात उंची मोजता?"
बोटं चढतात, एक, मग दुसरं,
मध्ये पुतूच्या फासाएवढं अंतर.
खरंच, उतरतानाच दुखतं.

सगळ्या रेघांच्या हातभर वर
जोविनला स्टुलावर चढवून मी एक खूण करून घेतली आहे.
फळ्यावर सुविचार लिहीत असे, ती उंची.
कुणाचं मोजमाप नाही, माझ्या आठवणीतलं.
शाळा मिटली. फळा कुठे गेला कुणास ठाऊक.

शेवटच्या दिवशी सुविचार मी
फळ्याच्या मधोमध लिहिला होता.
पाच मुलं होती. त्यांना वाटलं,
शेवटचा, म्हणून.